माळ घातली त्या आठवड्यात

आषाढीच्या तोंडावर दाजींनी माळ घातली आणि त्याच दिवसापासून दारू बंद केली. आमच्या सेलूत अशी माळ घालणारे गल्लोगल्ली सापडतील. अक्काने पुरण घातलं. इतक्या वर्षांनी घरात जरा मोकळं वाटत होतं.

ती रात्र घामात गेली. दुसऱ्या दिवशी चहा दिला तर कप बशीत खडखडायला लागला; दोन्ही हातांनी धरूनही तोंडापर्यंत जाईना. ‘शरीर मागतंय, जरा कळ काढा,’ असं आम्हीच त्यांना सांगत होतो. तिसऱ्या रात्री ते भिंतीवरच्या मुंग्या झाडू लागले. भिंतीवर काही नव्हतं. मग मुंग्या पांघरुणावर आल्या, मग अंगावर. दाजी जिनिंगवर कामाला. मला त्यांनी तिथल्याच कुणाच्या तरी नावाने हाक मारली आणि म्हणाले, “गाठी मोज लवकर, ट्रक लागलाय.”

त्यांच्या आईचं म्हणणं, बाहेरचं झालंय, देवऋषीला दाखवा. शेजारचे म्हणाले, “दोन घोट पाजा, उतरंल.” आम्ही दोघांचंही न ऐकता जीप केली आणि परभणीचं जिल्हा रुग्णालय गाठलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “शेवटची कधी घेतली?” मग, रोज किती? अक्का म्हणाली, दोन क्वार्टर. एका क्वार्टरमध्ये 180 मिली, त्यात 42.8 टक्के अल्कोहोल. म्हणजे साधारण 60 ग्रॅम. यकृत तासाला जेमतेम सात ते दहा ग्रॅम जाळतं. दोन क्वार्टर उतरायला बारा तास तरी हवेत, आणि तेवढ्यात पुन्हा संध्याकाळ. दाजींच्या रक्तातून दारू पुरती गेली असे तास कितीसे असतील! देशी हलकी असते, हे दाजींचं पालुपद. बाटलीवरचा आकडा देशीला आणि इंग्लिशला एकच असतो.

दारू मेंदूला दाबते, गुंगी आणते. रोजच दाबला जातोय म्हटल्यावर मेंदू उलट जोर लावायला शिकतो. चढावर जीव खाऊन ओढणाऱ्या बैलांची जोती अचानक तुटावीत, तसं होतं मग. नाडी धावते, रक्तदाब चढतो, झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांत हे भास. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतोही. शेजाऱ्यांचा तर्क तसा खोटा नव्हता, घोटाने थरथर थांबली असती. पण पुन्हा तेच गाडं सुरू झालं असतं. डॉक्टरांनी लोराझेपाम दिलं, तेही पुढे हळूहळू कमी करत नेलं.

एक गोष्ट मी तिथे पाहिली. सलाईन लावण्याआधी नर्सने बी-वनचं इंजेक्शन दिलं. दारुड्याच्या अंगात हे जीवनसत्त्व बऱ्याचदा पुरेसं उरलेलं नसतं, आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशक्तपणा आला की बाटली लावून घेणाऱ्या आपल्या लोकांना हे कोण सांगणार?

शुद्धीवर आल्यावर दाजींना त्या रात्रीतलं काहीच आठवेना. सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघाली, एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त. तळहात लालबुंद होते. इतके दिवस आम्हाला वाटे, ते कामामुळे लाल झालेत. यकृत बरंच सावरलं. दारू बंद राहिली तर या टप्प्यावर ते सावरतं. पाय मात्र सावरले नाहीत. तळव्यांना कळत नाही. चप्पल मागे राहते आणि दाजी तसेच पुढे चालत असतात. त्यामुळे वारी काही झाली नाही.

आता गल्लीत कुणी माळ घालतोय म्हटलं की अक्का त्याच्या बायकोला गाठते. रोज किती, किती वर्षं, सकाळी हात थरथरतात का? उत्तर हो आलं की म्हणते, आधी डॉक्टरला दाखवा, मग माळ. घरात शुभकार्य असताना हे विचारते म्हणून दोन घरांनी तिच्याशी बोलणं टाकलंय.