तंजावरचा रथ थांबवतं कोण?

आमच्या ह्यांची जुनी फियाट म्हणजे घरातलं तिसरं अपत्यच! तिच्या ब्रेकच्या नळीला कुलूप बसवायचं, असं एकदा त्यांच्या मनात आलं. पॅडल दाबून झडप बंद केली की तेलाचा दाब नळीत कोंडून राहतो आणि चाकं जखडतात. मेकॅनिकनं ते बसवलं, पण बजावलं, "साहेब, याच्या भरवशावर गाडी उभी करून जाऊ नका. दाब हळूहळू उतरतो. हँडब्रेक ओढा, आणि उतारावर चाकाखाली दगड लावा." एवढा खर्च करून शेवटी दगडच? हे खट्टू झाले.

त्या दगडाची आठवण झाली ती थेट तंजावरात.

तंजावर मराठी माणसाला परकं वाटतच नाही. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी इथं स्थापलेलं भोसल्यांचं राज्य 1855 पर्यंत टिकलं. राजराज चोळानं 1010 च्या सुमारास पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास चक्क मराठीत आहे. आम्ही गेलो तो चित्तिरै महिना, म्हणजे एप्रिल-मेचे दिवस. याच महिन्यात मोठ्या देवळाचा रथोत्सव असतो. जवळजवळ शंभर वर्षं बंद असलेला हा उत्सव नवा लाकडी रथ घडवून 2015 मध्ये पुन्हा सुरू झाला.

चार राजवीथींतून रथ निघाला. जाडजूड दोरांना हजारो हात लागले. सगळ्यांच्या नजरा वर, देवाकडे. ह्यांची नजर मात्र खाली, लोखंडी चाकांकडे! "अगं, ओढणारे पुष्कळ आहेत. पण हा थांबवतं कोण?"

उत्तर समोरच होतं. चाकांलगत काही माणसं वाकून चालत होती. हातात पाचरीसारखे लाकडी ठोकळे. तमिळमध्ये त्यांना मुट्टुकट्टै म्हणतात. इशारा झाला की ठोकळा चाकापुढं सरकवायचा आणि हात झटकन मागं घ्यायचा. रथ थांबवायचा तो यानंच आणि वळवायचा तोही यानंच. एका बाजूच्या चाकाला पाचर लावली की रथाचं तोंड तिकडं वळतं. क्षणभर चुकलं तर हात किंवा पाय गेलाच. माझ्या तर पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी तिरुवारूरला गेलो. तिथला आळित्तेर सजवल्यावर 96 फूट उंच होतो, वजन सुमारे 300 टन! त्याचा उत्सव होऊन गेला होता, पण रथ आपल्या जागी उभा होता. याला हायड्रॉलिक ब्रेक आहेत, आणि ते बसवले तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्यानं. एरवी विजेच्या केंद्रांसाठी बॉयलर बनवणारा हा कारखाना! तत्त्व आमच्या फियाटचंच: कोंडलेल्या तेलाला दाबलं की तो दाब चाकापर्यंत पोहोचतो. ह्यांची छाती फुगली. पण एवढे ब्रेक असूनही उत्सवात इथंही चाकांजवळ ठोकळेवाले असतातच. तेल आपलं काम करतं, लाकूड आपलं.

आणि दोन्हींनी भागत नाही, हेही याच मातीनं पाहिलंय. 27 एप्रिल 2022 च्या पहाटे तंजावरजवळच्या कळिमेडू गावात रथ विजेच्या तारेला लागला आणि 11 जण गेले. त्यात मुलंही होती. तिथं चाकाचा दोष नव्हता. धोका डोक्यावर होता. म्हणूनच मोठे रथ निघतात तेव्हा वाटेवरची वीज आधी बंद करतात. रथ पाहायला गेलात तर मुलांचा हात सोडू नका आणि दोर व चाकं यांच्यापासून लांब उभे राहा.

परतल्यावर हे रात्री गाडी लावायला गेले. कुलूप लावलं, हँडब्रेक ओढला. मग खाली वाकून एक लाकडी ठोकळा चाकाखाली सरकवला. तंजावरच्या एका सुताराकडून तो त्यांनी कधी मागून घेतला, मला कळलंही नव्हतं!