उदगीर ते औसा

आमच्याकडे पानिपतला जाऊन आलेली माणसं बरीच भेटतात. संक्रांतीच्या सुमारास हरियाणातल्या काळा आंब्याच्या स्मारकापाशी महाराष्ट्रातून गेलेल्यांची गर्दी होते, तिथली माती कपाळाला लावून लोक परततात. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्याच सदाशिवरावभाऊंनी पानिपतच्या आधी वर्षभराच्या आतच, 3 फेब्रुवारी 1760 रोजी, निजामाला जिथं शरण यायला लावलं, ती जमीन आम्हा लातूरकरांना एसटीच्या खिडकीतून दिसते आणि तिच्यासाठी कोणी खाली उतरत नाही. ही खंत माझ्या मनात फार दिवसांची आहे.

उदगीरची लढाई कुठं झाली असं विचारलं, की लोक उदगीरचा किल्ला दाखवतात. किल्ला पाहावा असाच आहे. खोल खंदक, आत उदागीरबाबांची समाधी, भिंतींवरचे फारसी शिलालेख. 2022 साली उदगीरला साहित्य संमेलन भरलं तेव्हा आलेल्या कितीतरी रसिकांनी तो पाहिला असेल. मात्र निकाल लागला तो किल्ल्यात नव्हे. निजाम सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली उदगीर सोडून औशाच्या रोखाने निघाले होते. पुढे धारूरकडे आपल्या दुसऱ्या फौजेला मिळायचं, असा त्यांचा बेत होता. मराठी फौज त्यांच्याहून कितीतरी मोठी. तिने त्यांना चालता चालताच घेरलं. तोफा आणि पायदळ बाहेरच्या बाजूला, बाजारबुणगे आणि सामानसुमान मध्ये, असा गोल करून निजामाचं सैन्य लढत लढत सरकत राहिलं आणि औशाच्या आसपास येऊन मोडलं. लढाईला नाव मिळालं उदगीरचं. पण तिचं रण एका जागी नाही, ते या सबंध वाटेवर पसरलेलं आहे.

म्हणून ही वाट मी माघात पाहिली, लढाई झाली त्याच दिवसांत. तूर निघालेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, बांधाच्या कडेला करडई पिवळी झालेली. आमच्याकडची भारी काळी जमीन या दिवसांत फाटायला लागते. एका भेगेत मी हात घातला तर मनगटापर्यंत आत गेला. या रानातून बैलांनी तोफा ओढायच्या, तेही चारी बाजूंनी घोडेस्वार अंगावर येत असताना. आडोशाला डोंगर नाही, झाडी नाही. माळावरून निघालेला धुरळा कोसावरून दिसावा, अशी ही मोकळी जमीन. इथं लपता येत नाही आणि घाईही करता येत नाही. लढाईचं वर्णन मी कितीदा तरी वाचलं होतं, पण चालणारा गोल म्हणजे काय हाल असतील, ते त्या ढेकळांतून चालताना पायांना कळलं.

बांधावर एक म्हातारे शेतकरी बसले होते. म्हणाले, "काय बघायलाव?"

"मामा, इथं पेशव्यांची अन् निजामाची लढाई झाली होती."

"कधी? रझाकाराच्या टायमाला?"

मराठवाड्यात निजाम म्हटलं की आठवण 1948 पाशी जाऊन थांबते, आणि ते साहजिक आहे. त्या दिवसांच्या गोष्टी अजून घराघरांत सांगितल्या जातात. त्याच्याही आधीची, अडीचशेच्या वर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे असं मी सांगितलं. मामांनी थोडा वेळ रानाकडे पाहिलं आणि विचारलं, "माणसं ऱ्हाऊ द्या, एवढ्या जनावरांला पाणी कुठलं दिलं वो त्यांनी?"

मला वाटतं, या लढाईबद्दल विचारण्यासारखा हाच खरा प्रश्न आहे. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणून ज्या शहराची तहान भागवावी लागली, त्या लातूरचा हा मुलूख. मांजरा ओलांडली की पुढं फौजेला पुरेल असं पाणी शोधावं लागतं. घोडी, बैल, हत्ती यांच्यासकट अडकून पडलेल्या सैन्याला विहिरीपर्यंत जाऊ दिलं नाही आणि वैरण तोडली, की तलवारीचं अर्धं काम आपोआप होतं.

इथं उभं राहिल्यावर पानिपत वेगळं दिसायला लागतं. 1760 च्या अखेरीस हीच गत भाऊंच्या फौजेची झाली. रसद तुटली, ती पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, जनावरं उपाशी मरायला लागली आणि 14 जानेवारी 1761 ला मराठे गोल बांधूनच बाहेर पडले. या रानात निजामावर तोफा डागणारा इब्राहिमखान गारदी, जो आधी निजामाच्याच चाकरीत होता, तिथं शेवटपर्यंत लढला आणि पकडला जाऊन मारला गेला. इथं जेमतेम 17 वर्षांचे असलेले विश्वासराव तिथं पडले. गोलाचं बळ भाऊंनी इथं पाहिलं आणि त्याचं मरणही त्यांनीच घडवून आणलं. पुढं उत्तरेत आपण कोणत्या बाजूला असू, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार? दत्ताजी शिंदे 10 जानेवारीलाच बुराडी घाटावर पडले होते, पण त्याची बातमी दक्षिणेत अजून यायची होती. निजामाकडून सुमारे 60 लाखांचा मुलूख मिळाला, दौलताबाद, बऱ्हाणपूर, विजापूर हाती आलं, आणि मग ती बातमी आली. परतूरहून मार्चात भाऊ उत्तरेकडे निघाले.

जमीन वाचणाऱ्याला ती किती देते, याचा दाखला मराठवाड्यातच दुसरा आहे. भोकरदनजवळच्या असईला 1803 साली वाटाड्यांनी इंग्रज सेनापती वेलस्लीला सांगितलं, की इथं नदीला उतार नाही. त्याने समोरासमोरच्या काठांवर दोन गावं पाहिली आणि ताडलं, की यांचं येणंजाणं असणारच, म्हणजे उतारही असणार. उतार होता, आणि शिंदे-भोसल्यांविरुद्धची ती लढाई तिथंच फिरली. आपल्या नदीचं हे शहाणपण परक्याने ओळखलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

उदगीर ते औसा या वाटेवर लढाईची खूण सांगणारा एक दगडही मला दिसला नाही. तो लागावा, निदान औशाच्या अलीकडे एक तरी लागावा, असं मनापासून वाटतं. पण त्याची वाट पाहत बसायला नको. आमच्या शाळांच्या सहली उदगीरच्या किल्ल्यावर जातात, तशाच त्यांनी पुढं मांजरा ओलांडून औशापर्यंत यावं, आणि वाटेत गाडी थांबवून पोरांना तास-दोन तास रानातून चालवावं. फेब्रुवारीतच आणावं. आणि त्या मामांचा प्रश्न मास्तरांनी उत्तर न सांगता पोरांना विचारावा.