रोहित, होला आणि बारजील

यंदाच्या गणेशोत्सवात हॉलच्या बाहेर, चपला काढायच्या जागेपासून पाण्याच्या टेबलापर्यंत, माझे बावीस फोटो लावले होते. प्रसादाच्या रांगेतल्या एका काकूंनी त्यातल्या एकासमोर थांबून मला विचारलं, "हे भिगवणचे रोहित ना? मग मागे हा बुर्ज खलिफा कसा गं चिकटवलास? कॉम्प्युटरवर?" काकू एकवीस वर्षं दुबईत आहेत. "चिकटवला नाही काकू, तो तिथेच असतो. गाडीने वीस मिनिटं," असं सांगितल्यावर त्या शिऱ्याचा द्रोण हातात धरून पुन्हा फोटोकडे बघत राहिल्या. शेजारी संपादक उभे होते. "हेच लिहून द्या," म्हणाले.

आधीच सांगते, मी छायाचित्रकार वगैरे नाही. लग्नाआधी आणि नंतर काही वर्षं कराडला एका शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवत होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे नऊ वर्षांपूर्वी इथे आलो. माझ्या विषयाला इथल्या शाळांत जागा नव्हती, आणि मग लेक झाली. कॅमेरा नवऱ्याने सेलमध्ये घेतलेला. तीन वाढदिवस झाल्यावर तो कपाटात गेला, तिथून मी काढला. काढायला कारण झाला एक होला.

करामातल्या आमच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीत एसीच्या बाहेरच्या यंत्रामागे मेलेल्या तुळशीची कुंडी पडून होती. त्या कुंडीत एके दिवशी होल्याच्या जोडीने चार काड्या टाकल्या आणि दोन अंडी घातली. मी फोटो काढून अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पाठवला. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीची बरीच वर्षं उजनीच्या पाण्यावर गेली, त्यामुळे पक्षी त्यांना पुस्तकातून नाही, तर कोळ्यांकडून आणि शेतकऱ्यांकडून माहीत. त्यांचं उत्तर आलं, "होल्याचं घरटं म्हणजे आमच्या खात्याचं काम. चार काड्या टाकल्या की उद्घाटन!" मग रोज एक फोटो जायला लागला. महिन्याभरात पिल्लं उडून गेली. दुसऱ्या दिवशी अण्णांचा मेसेज, "आज काय?"

म्हणून मी खाली उतरले. आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं तसंच मलाही वाटायचं, की इथे काच, डांबर आणि वाळू. पक्षी असतील तर पिंजऱ्यात. पण उन्हं चढायच्या आत झबील पार्कात एक फेरी मारा. साळुंक्या आणि राघू तर कोणीही ओळखेल. हिरवळीवर टिटवी ओरडत असते. झुडपाखालून तित्तर आपल्या माळावरच्यासारखाच केकाटतो. बहरलेल्या झाडावर काळा-जांभळा शिंजीर लोंबत असतो. दिव्याच्या खांबावर नीलकंठ बसलेला दिसतो. दसऱ्याला मी त्याचा फोटो न चुकता सगळ्या नातेवाइकांना पाठवते, आणि आपट्याची पानं न मिळाल्याचं दुःख तेवढ्यापुरतं विसरते.

हुदहुदचा फोटो मी फार कौतुकाने पाठवला होता. डोक्यावर पंख्यासारखा तुरा, हिरवळीत चोच खुपसून किडे शोधणारा. अरबीतही त्याला हुदहुदच म्हणतात. २०१४ मध्ये विशाखापट्टणमला जे हुदहुद वादळ आलं, ते नाव ओमानने सुचवलेलं होतं. एवढी माहिती गोळा करून पाठवली तर अण्णांचा प्रश्न वेगळाच, "हिरवळीला पाणी कुठनं?"

पाटबंधारे खात्यातला माणूस तोच प्रश्न विचारणार. इथे नळाला येतं ते समुद्राचं पाणी गोडं करून. आपण ते वापरतो, मग सांडपाणी शुद्ध करून बागांना आणि रस्त्याकडेच्या झाडांना नळ्यांनी थेंब थेंब दिलं जातं. हिरवळ, त्यातले किडे आणि त्यांवर जगणारा हुदहुद, सगळं त्याच पाण्यावर. हे मी समजावून सांगितल्यावर अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे आमच्या कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला सांगू नकोस. मारायला धावेल."

तेव्हाचे माझे फोटो म्हणजे नुसता पक्षी. बाकी सगळं कापून टाकलेलं. तारा, खांब, इमारती, कचऱ्याचे डबे काही दिसू नये, पक्षी कोयनेच्या जंगलात असावा तसा दिसावा, अशी माझी धडपड. जे इथलं आहे ते मी कापत होते, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात अण्णांच्या मेसेजात चुका यायला लागल्या. नीलकंठाला त्यांनी साळुंकी म्हटलं. आईने फोनवर हळूच सांगितलं, वर्तमानपत्र वाचताना ओळ सापडत नाही. तपासण्या झाल्या. डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचा आजार निघाला, वयोमानाने होणारा. इंजेक्शनं दिली. एक डोळा आहे तिथे थांबला, दुसरा थांबला नाही. या आजारात कडेचं दिसतं, नेमकं समोरचं पुसलं जातं. मी विचारलं, "म्हणजे कसं, अण्णा?" ते म्हणाले, "फळ्यावर मधोमध कोणीतरी ओला डस्टर फिरवलाय. भोवतीचं वाचता येतंय."

माझे फोटो तर सगळे मधोमध पक्षी असलेले.

त्यानंतर मी काय केलं ते सांगायला जरा संकोच वाटतो, कारण ते फारच भाबडं होतं. पक्षी फ्रेमच्या कडेला घ्यायला लागले. पक्षी कडेला गेल्यावर मध्ये काय? तर जे होतं ते. पाण्याची टाकी, मेट्रोचा पूल, वाळत घातलेले कामगारांचे निळे कपडे, मशिदीचा मिनार. अण्णांना पक्षी दिसला की नाही देव जाणे. खरं तर त्यांनी नजर हलवली की पुसलेला भागही तिच्याबरोबर हलायचा. पण उभ्या-आडव्या मोठ्या रेषा त्यांना कळायच्या. "हे काय उंच उभं आहे?" असं विचारायचे, आणि मला फोनवरून सांगावं लागायचं. त्यांचे सकाळचे सात म्हणजे माझे साडेपाच. घर झोपलेलं. मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी चहा घेऊन उभी, आणि हळू आवाजात एकेक फोटो वाचून दाखवतेय.

इमारतींकडे मी नीट बघायला लागले ती यामुळे. अल फहिदी, म्हणजे जुनं बस्तकिया, आपण सगळे पाहुण्यांना दाखवायला नेतो, गल्लीत एक फोटो काढतो आणि मीना बाजारला कपडे घ्यायला जातो. मीही तेच करायचे. पण अण्णांना सांगायचं तर "मातीच्या रंगाची जुनी घरं" एवढ्यावर भागत नाही. गच्चीवर तो चौकोनी मनोरा दिसतो, तो बारजील. वरून चारही बाजूंनी उघडा, आत तिरप्या भिंतींनी चार भाग केलेले. वारा कुठूनही येवो, त्या बाजूने खाली खोलीत उतरतो आणि तापलेली हवा दुसऱ्या बाजूने वर निघून जाते. वीज यायच्या आधीचा एसी. भिंती समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या दगडाच्या, वरून गिलावा. तो दगड सच्छिद्र असल्यामुळे ऊन आत पोचायला वेळ लागतो. छताला खारफुटीचे वासे, ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांनी यायचे. आणि दारांना सागवान, ते आपल्या हिंदुस्थानातून. "मग दार ओळखीचं वाटणारच," अण्णा म्हणाले. "वाईच्या वाड्याचं सांगत्येस असं वाटत होतं."

ही घरं बांधली ती इराणातल्या बस्तक गावाहून आलेल्या व्यापाऱ्यांनी, म्हणून बस्तकिया. १९८० च्या दशकात अर्धी वस्ती पाडली गेली. उरलेलीही जाणार होती. तिथे राहणाऱ्या रेनर ऑटर या ब्रिटिश वास्तुतज्ज्ञाने राजपुत्र चार्ल्स यांना पत्र लिहिलं. १९८९ च्या दुबई भेटीत चार्ल्स त्या गल्ल्यांतून फिरले, जपावी असं म्हणाले आणि ती वाचली. आमच्या घरासमोरच्या तीन मजली इमारतीसाठी मात्र कोणी पत्र लिहिलं नाही. तिच्या खिडक्यांच्या एसीच्या भोकांत साळुंक्यांची घरटी होती. गेल्या उन्हाळ्यात पत्रे लागले आणि सतरा दिवसांत सपाट. माझ्याकडे तिचे चाळीसएक फोटो निघाले, एकही तिच्यासाठी काढलेला नाही. सगळ्यांत ती साळुंक्यांच्या मागे आहे.

एकदा फजितीही झाली. तारेवरच्या खंड्याचा फोटो काढत होते. मागे कुठलं तरी कार्यालय होतं, माझं लक्ष नव्हतं. पहारेकरी धावत आला आणि उभं करून सगळे फोटो दाखवायला लावले. इथे सरकारी इमारतींचे आणि परक्या माणसांचे फोटो विनापरवानगी काढायचे नसतात, हे आपल्याला माहीत असतंच. पक्ष्याच्या मागे काय आहे ते आधी बघावं, एवढं त्या दिवशी शिकले. दोन फोटो पुसले. तिसरा बघून तो म्हणाला, "ये तो हमारे गाँव में भी है," आणि मला पाणी दिलं.

जानेवारी २०२३ मध्ये अण्णा आणि आई आले. अण्णांना एकच जागा बघायची होती, रास अल खोर. रास म्हणजे डोकं, खोर म्हणजे खाडी. खाडी जिथे शहराच्या आत येऊन संपते तिथला हा चिखल, खाजण आणि खारफुटी. २००७ पासून रामसर यादीत आहे, आणि भोवती इतक्या लेनचे रस्ते की उतरण्याचा फाटा आमचा दोनदा चुकला. लाकडी आडोशात शिरलो. समोर उथळ पाण्यात शेकडो रोहित. माना खाली, चोच उलटी करून पाणी गाळत, पायांनी चिखल ढवळत. मागे धुक्यातून वर आलेला ८२८ मीटरचा बुर्ज.

आडोशात मोठी दुर्बीण ठेवलेली असते. अण्णांनी डोळा लावला. मी शेजारी उभी. काही बोलेनात. "दिसतंय का?" असं विचारायचं धाडस होईना. लेक तेव्हा पाच वर्षांची, तिने विचारून टाकलं, "आजोबा, फ्लेमिंगो दिसला?" अण्णा म्हणाले, "थांब. ही दुर्बीण जरा बाजूला वळव." मी वळवली. "अजून." पक्षी सोडून दुर्बीण रिकाम्या पाण्यावर गेली, रोहित फक्त कडेला राहिले. "हां. आता गुलाबी आहे," ते म्हणाले. तशीच वाकडी लावलेली दुर्बीण धरून ते अर्धा तास उभे होते. तिथल्या माणसाने खुर्ची आणून दिली, ती त्यांनी घेतली नाही. मग थवा उठला आणि बदकांसारखा गलका झाला. त्यांनी डोळा काढला, मिटला आणि म्हणाले, "हे तर पूर्ण दिसतं."

मी त्या दिवशी एकही फोटो काढला नाही. हॉलमधला फोटो नंतरचा.

मे २०२४ मध्ये घाटकोपरला दुबईहून उतरणाऱ्या विमानाला थवा धडकून तीसहून जास्त रोहित मेले. आईने बातमी वाचून दाखवली. अण्णांचा फोन आला. "तिथले मोजून ये," म्हणाले. मी सांगायला गेले, अण्णा, त्यांचा यांच्याशी संबंध नाही, आणि मे महिन्यात इथे हिवाळ्याइतके नसतातच. "मोज तरी," म्हणाले. त्रेचाळीस अंशांत गेले. गाडीतल्या थंडीतून बाहेर काढलेल्या कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरते, ती निवळायला वीस मिनिटं लागतात. नवीन कोणी जाणार असेल तर कॅमेरा आधीच पिशवीत बांधून डिकीत ठेवा. त्या वीस मिनिटांत नुसत्या डोळ्यांनी मोजले. एकशे बारा. दोनदा मोजले, दुसऱ्यांदा एकशे आठ. दोन्ही आकडे कळवले.

नोव्हेंबर ते मार्च तिथे जायला उत्तम. सकाळी लवकर जा. मुलांना न्या, पण चप्पल वाजवू नका म्हणावं.

गेल्या शुक्रवारी मी पुन्हा गेले होते. यंदाचे रोहित यायला लागलेत. एक फोटो काढला, पाठवला नाही. फोन लावून सांगितला. डाव्या कडेला सात रोहित, त्यातला एक राखाडी, पिल्लू असावं. मध्ये पाणी. खाडीच्या पलीकडे नवीन मनोरे बांधताहेत, त्यांच्यावर क्रेन. क्रेन म्हटलं की लेकीला पक्षी आठवतो आणि अण्णांना धरण.

"किती क्रेन?" अण्णांनी विचारलं.

"चार."

"सात रोहित, चार क्रेन. पुढच्या वेळी दोन्ही मोज."