पायडल

आमच्या घरी एक पायडल आईचे आहे आणि एक माझे. आईचे शिलाई मशीनचे. लोखंडी, जाळीदार, वर्षानुवर्षे तिच्या अनवाणी पावलांखाली घासून मधोमध गुळगुळीत झालेले. माझे मोटारसायकलच्या मागच्या ब्रेकचे. 'माझे' तरी कसे म्हणू? गाडी दादाची. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "चालव खुशाल, पण मागच्या ब्रेकच्या ऑईलवर लक्ष ठेव. बाकी काही विसरलास तरी चालेल." मी नेमके तेवढेच विसरलो. विसरलो म्हणणेही खरे नव्हे. पण ते पुढे येईलच.

ट्रॉम्बे म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे अणुभट्टी उभी राहते, आणि त्यात चूक काहीच नाही. ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही भारतातली पहिली अणुभट्टी येथेच सुरू झाली. पण त्या केंद्राच्या भिंतीबाहेरचे आमचे ट्रॉम्बे निराळे. बसचा शेवटचा थांबा, कोळीवाड्यातून येणारा सुकत्या मासळीचा वास, जेट्टीपलीकडे ओहोटीला उघडा पडणारा खाडीचा चिखल, आणि बाहेरच्या जगाशी आम्हाला जोडणारा शीव-ट्रॉम्बे रस्ता. या रस्त्यावर टँकर आणि ट्रेलर यांचे राज्य असते. दुचाकीवाल्याने त्यांच्या मधल्या फटीतून वाट काढायची आणि सारा भरवसा दोन ब्रेकांवर ठेवायचा.

गेल्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता आई आणि मी चेंबूरला निघालो होतो. आई ब्लाऊज शिवते. शिवून झालेल्या ब्लाऊजांचे गाठोडे दर आठवड्याला तिकडच्या एका दुकानात पोचवायचे असते. डोक्यावर दादाचे हेल्मेट, एका बाजूला पाय सोडलेले, मांडीवर गाठोडे, अशी ती मागे बसे. पूर्वी आर. के. स्टुडिओ जेथे होता त्याच्या अलीकडे पुढचा टँकर सिग्नलला थांबला. मी मागचा ब्रेक दाबला, आणि पाय लोण्यात जावा तसा पायडल खाली गेला. तळाशी टेकला. गाडी चाललीच होती. घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला, तर पावसाने रस्त्यावर आणून टाकलेल्या बारीक खडीवरून पुढचे चाक घसरले. टँकरच्या मागच्या पट्टीपासून वीतभर अंतरावर आम्ही कसेबसे थांबलो. पडलो नाही. गाठोडे मात्र पडले.

आई उतरली. तिने एकेक ब्लाऊज उचलून झटकला, गाठोडे पुन्हा बांधले आणि म्हणाली, "मी बसने जाते." संध्याकाळी घरी आल्यावर तिने विचारले, "काय झालं होतं रे?"

"अचानक गेला ब्रेक," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती गाडीवर बसली नाही. काखोटीला गाठोडे मारून गर्दीच्या बसने जाऊ लागली. रागावली असती तर मी भांडलो तरी असतो. पण त्या 'बरं'शी भांडणार कसे?

ब्रेक घरीच दुरुस्त करायचे मी ठरवले. मजुरी वाचावी हे एक कारण, आणि आपण घातलेला गोंधळ आपणच निस्तरावा, हे दुसरे. आधी थोडे शास्त्र समजून घेतले. आपल्या महाविद्यालयात पास्कलचे नाव तत्त्वज्ञानाच्या तासाला निघते. ईश्वर आहे की नाही यावर पैज मांडणारा हा फ्रेंच विचारवंत (१६२३–१६६२). बंद भांड्यातल्या द्रवावर कोठेही दाब दिला की तो कमी न होता सगळीकडे सारखा पोचतो, हेही त्याचेच सांगणे. मोटारसायकलचा डिस्क ब्रेक एवढ्या एका वाक्यावर चालतो. पायडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला छोटा दट्ट्या ऑईलला रेटतो. ऑईल नळीतून मागच्या चाकापाशी कॅलिपरमध्ये जाते आणि तेथला मोठा दट्ट्या दोन पॅडांच्या चिमट्यात फिरती डिस्क धरतो. हे घडते, कारण द्रव दबत नाही. पण त्यात हवा शिरली, की पायाने दिलेला सगळा जोर त्या हवेला चेपण्यातच खर्च होतो. पाय खाली जातो. चाकाला मात्र पत्ताच नसतो!

आता हवा शिरली कशी? पॅड जसजसे झिजतात तसतसा दट्ट्या पुढे येऊन राहतो, आणि त्याच्या मागची जागा भरायला छोट्या टाकीतले ऑईल खाली उतरते. म्हणजे टाकीतली पातळी ही पॅडांच्या झिजेची पावतीच. ती खालच्या रेघेच्याही खाली गेली, की खड्ड्यांत आदळताना ऑईलऐवजी हवा आत ओढली जाऊ शकते. आमची पातळी रेघेखाली गेलेली मी दीड महिना आधी पाहिली होती. 'पहिल्या तारखेनंतर बघू,' असे म्हणून सोडून दिले. मग पायडल मऊ लागू लागले. दोनदा दाबले की कडक होई, म्हणून मी दोनदा दाबायची सवयच लावून घेतली. आजार ओळखायचा सोडून मी आजाराशी जुळवून घेतले. टँकरमागे दोनदा दाबायला वेळ नव्हता.

रविवारी सकाळी दारापुढे गाडी मधल्या स्टँडवर घेतली. नवे पॅड बसवले. आठ नंबरचा रिंग पाना, मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातून आणलेली पारदर्शक नळी, औषधाची रिकामी बाटली, फडकी, पाण्याची बादली आणि डॉट-४ ब्रेक ऑईलची सीलबंद बाटली असा सरंजाम मांडला. ऑईल सीलबंदच हवे, कारण ते हवेतला ओलावा शोषून घेते. कोरडे असताना डॉट-४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे. ओलावा पुरेसा मुरला की हीच मर्यादा १५५ वर येते. सतत ब्रेक मारून ऑईल तापले आणि उकळले, तर त्याची वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दबते. आमच्याकडे तर खाडीचा वारा बारमाही!

हवा काढायला दोन माणसे लागतात. एक पायडलपाशी, एक पान्यापाशी. माझा एक मित्र येणार होता. क्रिकेटचा सामना लागल्यामुळे तो आला नाही. मी एका हाताने पायडल आणि दुसऱ्या हाताने पाना अशी कसरत करताना पाहून आई भांडी घासायची टाकून बाहेर आली. तिने चपला बाजूला काढल्या, एक हात सीटवर ठेवला आणि अनवाणी पाऊल पायडलवर टेकवले. "सांग, काय करायचं ते."

कॅलिपरवर हवा काढण्यासाठी एक छोटे निपल असते. त्यावर नळीचे एक टोक बसवले, दुसरे बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडवले. मी म्हणायचे, "दाब, दाब, दाब... धर." आईने पायडल दाबून धरायचे. मी निपल पाव फेरा सोडायचे. ऑईल आणि हवा नळीतून बाहेर येत, पायडल खाली जाई. मग निपल आवळायचे आणि तेव्हाच म्हणायचे, "सोड." निपल उघडे असताना पाय सुटला, तर गेलेली हवा त्याच वाटेने परत येते. आईचा पाय एकदाही आधी सुटला नाही. उलट, "सोडू?" असे विचारल्याशिवाय ती पाऊल उचलत नसे. मध्ये एकदा टाकी रिकामी होत आलेली माझ्या ध्यानात आली नाही, तेव्हा तीच म्हणाली, "वरचं संपतंय बघ." संपले असते तर पुन्हा हवा शिरून पहिले पाढे पंचावन्न झाले असते.

कोऱ्या चहासारखे काळपट ऑईल हळूहळू संपले आणि नवे, फिक्कट पिवळे येऊ लागले. बुडबुडे थांबले. मी खूश होऊन विचारले, "कसं लागतंय?"

"पोकळ," आई म्हणाली. "वरवर बरं आहे, पण आत पोकळ लागतंय."

मी दाबून पाहिले. मला ठीकच वाटले. पण पायडलच्या बाबतीत तिच्या पायाशी वाद घालण्याची माझी लायकी नव्हती. म्हणून एकेक शंका फेडायला घेतली. सगळे सांधे पुसून त्यांना वर्तमानपत्राचे कपटे लावले. एकही ओला झाला नाही, म्हणजे गळती नाही. दुसरी शंका मास्टर सिलिंडरच्या रबरांची. ती खराब असतील, तर दाबून धरलेले पायडल हळूहळू बसत जाते. मी आईला म्हणालो, "एक मिनिट दाबून धर. खाली जातंय का तेवढं सांग."

ती धरून उभी राहिली. मी घड्याळाकडे पाहत होतो. अर्धे मिनिट झाले असेल. आई अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माझ्या मशीनचा पट्टा कधी एका दिवसात सैल होत नाही रे. आधी आठ-पंधरा दिवस पायाला कळतं."

घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. मला मान वर करवेना.

"मला माहीत होतं," मी म्हणालो. "दीड महिना. ऑईल खाली गेलेलं पाहिलं होतं मी. तुला मागं बसवून तसाच फिरलो. अचानक नव्हतं झालं."

आई काही बोलली नाही. मिनिट केव्हाच उलटून गेले होते. पायडल तसूभरही खाली गेले नव्हते. तिचा पायही हलला नव्हता. शेवटी ती म्हणाली, "हं. सोडू का आता?"

"सोड."

सिलिंडर चांगला होता. मग हवा राहिली कोठे? मी कॅलिपरपाशी उकिडवा बसून विचार करीत होतो. आईही वाकून पाहू लागली. "यातलं सगळ्यात उंच भोक हेच का?" तिने विचारले.

"नाही. का?"

"बुडबुडा वरच जाणार ना? तू खालची वाट उघडून त्याला ये म्हणतोस."

मी कपाळावर हात मारला. आमचा कॅलिपर जसा बसतो, त्यात निपलच्या वरच्या अंगाला एक कोपरा राहतो. हवा तेथे दडून बसली होती आणि ऑईल तिच्या खालून निघून जात होते. मी कॅलिपरचे दोन बोल्ट काढले, नळीला पीळ न देता तो उचलून तिरका धरला आणि निपल सर्वांत उंच येईल असे केले. डिस्कवरून काढलेल्या कॅलिपरवर तसाच दाब दिला, तर दट्ट्या बाहेर येईल. म्हणून पॅडांमध्ये डिस्कच्या जाडीचा लाकडी तुकडा घट्ट बसवला. माझ्या शाळेतल्या मोडक्या फूटपट्टीचा हा एवढा उपयोग अखेर झाला. "दाब, दाब, दाब... धर." निपल सोडले मात्र, आणि नळीतून हरभऱ्याएवढा एक बुडबुडा निघाला. त्यामागून दोन बारके. मग नुसते स्वच्छ ऑईल.

कॅलिपर जागेवर बसवला, बोल्ट आवळले, टाकी वरच्या रेघेपर्यंत भरली. रंगावर सांडलेले थेंब लगेच पाण्याने धुतले, कारण हे ऑईल रंग खाते. डिस्क आणि पॅड यांना ऑईलचे बोट लागलेले नाही हे पाहिले. आईने पुन्हा पाऊल टेकवले, आणि या वेळी तिचा चेहराच सांगून गेला. "आता बरं. सुईखाली कापड आल्यासारखं लागतंय."

तरीही मी तिला लगेच बसवले नाही. आधी एकट्याने गल्लीत पायी चालण्याच्या वेगाने, मग थोड्या अधिक वेगाने दहा-बारा वेळा ब्रेक मारून पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पायडल पुन्हा तपासले. कडक होते. ते मऊ लागले असते, तर गाडी ढकलत गॅरेजमध्ये नेण्याची माझी तयारी होती.

पास्कलचा तो नियम मी आता परीक्षेपुरता विसरू शकणार नाही. आपण एका टोकाला जीव तोडून जोर लावतो. तो दुसऱ्या टोकाला का पोचत नाही, हे कळत नाही. त्या महिन्यात मी आईसाठी काय काय केले होते! दुकानातून दोरे आणले, पाणी भरले, चहासुद्धा केला. सगळा दाब मधल्या एका शब्दाने गिळला. 'अचानक' हा तो शब्द. तो निघेपर्यंत बाकीचे कितीही ऑईल बदलले तरी पायडल पोकळच लागणार होते, आणि ते तिला पहिल्या दिवसापासून कळत होते.

त्या आठवड्यात आई गाठोडे घेऊन दारात आली. मी बसचे सुटे पैसे शोधू लागलो, तर तिने भिंतीवरचे हेल्मेट काढून डोक्यात घातले. बसण्याआधी मात्र ती गाडीच्या उजव्या बाजूला गेली, खाली वाकली आणि कनवटीला लावलेला कापडावर आखायचा खडू काढून ऑईलच्या टाकीवर पातळीशी एक बारीक रेघ ओढली.

ती रेघ दर पावसात, दर धुण्यात पुसली जाते. दर रविवारी आई ती पुन्हा ओढते. मी शेजारी उभा राहून पातळी किती आहे ते तिला सांगतो. खरी असेल तेवढीच.