पत्ता मिळेना!

सोमवारी सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून कसाबसा सुटून ऑफिसात पोचलो, तर बॉस माझ्याच खुर्चीत. ‘‘अरे, नव्या टीमचे फोन मुके झालेत!’’ वीस पोरं त्याच दिवशी जॉइन झालेली, दहाला कस्टमर्सचे कॉल सुरू होणार, आणि टेबलावरचे नवेकोरे वीसही इंटरनेट फोन पत्ता शोधत बसलेले.

आता हे पत्त्याचं प्रकरण काय? नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला, मग तो कॉम्प्युटर असो की फोन, एक आकडी पत्ता लागतो. तो वाटतो डीएचसीपी सर्व्हर. यंत्र सुरू झालं की हाक मारतं, ‘‘जागा आहे का हो?’’ सर्व्हर म्हणतो, ‘‘ही बघ.’’ ‘‘घेतो.’’ ‘‘दिली!’’ झाला व्यवहार. पण जागा भाड्याची. माझ्या फ्लॅटचं अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट असतं ना, तस्संच. निम्मी मुदत उलटली की यंत्र आपणहून रिन्यूअल मागतं. (ब्रोकरेज नाही, हे सुख!)

आमच्या पट्ट्यात पत्ते जेमतेम 254. त्यातले काही सर्व्हर आणि प्रिंटरसाठी राखीव. मुदत आठ दिवस. विंडोज सर्व्हर आपोआप देतो तीच मी ठेवलेली, आळसाने. शुक्रवारी वॉक-इन इंटरव्ह्यूला शंभरेक मुलं आली होती. वाट बघता बघता सगळ्यांनी वाय-फाय जोडलं. मुलं संध्याकाळी घरी गेली. त्यांच्या मोबाइलच्या नावावरचे पत्ते मात्र पुढच्या शनिवारपर्यंत अडलेले!

मी यादी बघत होतो तोवर बॉसने फोन पुरवणाऱ्या माणसाला झाप झाप झापलं. तो बिचारा ‘‘सॉरी सर’’ म्हणत होता. मला कळलं होतं चूक कोणाची आहे. तरी गप्प बसलो.

मोबाइलच्या नोंदी उडवल्या, फोन रीस्टार्ट केले. दहाला पाच कमी असताना पहिली रिंग वाजली.

शनिवारी निवांत बसून फोनना वेगळा पट्टा दिला आणि पाहुण्यांच्या वाय-फायची मुदत दोन तासांवर आणली. तरी फोन अडलेच! घर मिळालं होतं, पण सेटिंग कुठून आणायचं ते सांगणारा 66 नंबरचा ऑप्शन नव्या पट्ट्यात भरायला मी विसरलो होतो. तो भरला, मग बॉसला मेल लिहिला: चूक माझी होती. आणि त्या माणसाला फोन केला. तो हसला, म्हणाला, ‘‘चालतं हो सर, सवय आहे.’’

बाय द वे, माझं अ‍ॅग्रीमेंट या महिनाअखेरीस संपतंय. घरमालकांचे दोन मिस्ड कॉल आहेत.