अनोळखी मयताला

लग्नाला आमंत्रण लागतं, मयताला लागत नाही. आमच्या सातारा भागात हे कुणी मुद्दाम शिकवत नाही. गल्लीतून रडण्याचा आवाज आला की माणसं हातातलं काम टाकून निघतात. बायका आत जातात, पुरुष अंगणात बसतात, कुणी बांबू आणायला धावतं, कुणी गोवऱ्या भरायला. वर्षानुवर्षं बांधावरून बोलणं टाकलेला भाऊबंदसुद्धा त्या दिवशी खांदा द्यायला येतो.

अमेरिकेत, सेंट लुईसला, ज्या लोकांबरोबर मी आता मयताला उभी राहते त्यांचा नियम नेमका उलटा आहे. घरच्यांनी बोलावल्याशिवाय ते एक पाऊलही पुढे टाकत नाहीत. काळी चामडी जाकिटं, त्यांवर पलटणींचे आणि युद्धांचे शिवलेले बिल्ले, पांढऱ्या दाढ्या आणि उभी करतानाच कंबर धरेल अशा अवजड मोटरसायकली. लांबून पाहणाऱ्याला भीती वाटावी असा हा जथा. त्यांचं नाव पेट्रियट गार्ड रायडर्स. इतक्या दांडग्या माणसांना हा संकोच का, हे समजून घ्यायचं तर वीस वर्षं मागं जावं लागतं.

कॅन्सस राज्याच्या टोपेका शहरात वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च नावाचा एक लहानसा पंथ आहे. बराचसा एकाच कुटुंबातला. अमेरिका समलिंगी लोकांना सामावून घेते म्हणून देव तिच्यावर कोपला आहे आणि तिचे सैनिक मारतो आहे, अशी त्यांची शिकवण. २००५ साली इराकमधून शवपेट्या येत होत्या. एखाद्या गावात सैनिकाचा अंत्यविधी असला की ही माणसं तिथं पोचत आणि सैनिक मेल्याबद्दल देवाचे आभार मानणारे फलक धरून उभी राहत. त्यांच्यात लहान मुलंही असत. पोराला पुरायला निघालेल्या आईला आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवशी रस्त्याच्या कडेला ते फलक वाचावे लागत.

त्याच कॅन्ससमधल्या मल्व्हेन या छोट्या गावात माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजन संघटनेची मोटरसायकलवाल्यांची शाखा होती. त्यांना हे पाहवेना. ऑक्टोबर २००५ मध्ये ओक्लाहोमातल्या चेल्सी गावी एका सैनिकाच्या अंत्यविधीला ते पहिल्यांदा गेले. पण जाण्याआधी त्यांनी घरच्यांना विचारलं, आम्ही आलेलं चालेल का? ज्या घरावर नको असलेले पाहुणे चालून येत होते, त्या घराला आणखी एक न बोलावलेला जमाव नको होता. तो नियम तेव्हापासून कायम राहिला. काही महिन्यांतच देशभरातून माणसं येऊन मिळाली आणि पेट्रियट गार्ड रायडर्स उभे राहिले.

ते करत काय, तर पाठ फिरवून उभे राहत. फलकवाले आणि घरचे लोक यांच्या मधे मोठमोठे झेंडे धरून रांग करायची, तोंडं कुटुंबाकडे. शिव्या ऐकू आल्या तरी मागं वळून बघायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. फारच आरडाओरडा झाला तर मोटरसायकली सुरू करून इंजिनांच्या आवाजात तो बुडवायचा. त्यांतले बरेचसे व्हिएतनामला लढून आलेले. अंगात रग असलेल्या माणसांनी असं गप्प उभं राहणं किती अवघड असेल, हे मला त्यांच्याशी ओळख झाल्यावर कळलं.

दरम्यान कायदाही पुढे आला. २००६ मध्ये राष्ट्रीय दफनभूमींच्या प्रवेशद्वारापासून ३०० फुटांच्या आत अशा निदर्शनांना बंदी झाली. मेरीलँडमध्ये मॅथ्यू स्नायडर या मरीन सैनिकाच्या वडिलांनी त्या चर्चवर खटला भरला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०११ मध्ये आठ विरुद्ध एक अशा मतांनी न्यायालयानं चर्चच्या बाजूनं निकाल दिला. सार्वजनिक प्रश्नावर सार्वजनिक जागी बोललेलं कितीही क्लेशदायक असलं तरी त्याला राज्यघटनेचं संरक्षण आहे, असं त्याचं सार. त्या बापासाठी माझं काळीज तुटतं, आणि तरीही मला तो निकाल बरोबर वाटतो. कुणी काय बोलावं हे सरकारनं ठरवू लागलं तर उद्या कुणाचंही तोंड बंद होईल. पण मग त्या आईनं काय करायचं? तिच्यापुरतं उत्तर न्यायालयाजवळ नव्हतं. ते या पाठमोऱ्या रांगेजवळ होतं.

आता तो पंथ फारसा दिसत नाही. रांग मात्र मोडली नाही, आणि मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. रागातून सुरू झालेली कामं राग ओसरला की बहुधा संपतात. हे लोक मात्र लढाईत गेलेल्यांबरोबर म्हातारपणानं गेलेल्या माजी सैनिकांच्या मयतालाही जाऊ लागले. कोरियात लढलेला नव्वदीचा म्हातारा, आरमारातला स्वयंपाकी, दोन वर्षं जर्मनीत गाड्या दुरुस्त करून परतलेला मेकॅनिक. वर्दी घातली होती, एवढं पुरतं.

माझे वडील, अण्णा, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ते गेले तेव्हा मी इथं होते आणि वेळेत पोचणं शक्य नव्हतं. भावानं फोनच्या पडद्यावर दाखवलं: आसपासच्या वाड्यांमधून माजी सैनिक आले होते. कुणी कोट घातलेला, कुणी नुसता सदरा, पण प्रत्येकाच्या छातीवर पदकं. त्यांतले निम्मे अण्णांना कधी भेटलेलेही नसतील. ते ओळीनं उभे राहिले आणि त्यांनी सलाम केला. त्यांचे उपकार फेडायला मी तिथं नाही. इथं मात्र आहे.

मला मोटरसायकल चालवता येत नाही आणि त्यांनी कधी ते विचारलंही नाही. स्वतः सैनिक असण्याचीही अट नाही. मी माझ्या गाडीनं जाते. चर्चच्या किंवा अंत्यविधीगृहाच्या वाहनतळावर तासभर आधी सगळे जमतात. राइड कॅप्टन, म्हणजे त्या दिवसाचा म्होरक्या, सगळ्यांना गोल उभं करून सांगतो: गेलेल्या माणसाचं नाव, हुद्दा, कुठं नोकरी केली, घरी कोण कोण आहे. मग सूचना. फोन बंद, च्युइंगम थुंका, रांगेत बोलायचं नाही, घरच्यांपैकी कुणी हात पुढे केला तरच हात मिळवायचा. इथल्या उन्हाळ्यात डांबर इतकं मऊ होतं की मोटरसायकलचं स्टँड त्यात रुततं आणि गाडी आडवी पडते. म्हणून प्रत्येकाच्या खोगिराच्या पिशवीत चेपटवलेला पत्र्याचा डबा असतो, तो स्टँडखाली सरकवायचा. एका आजोबांनी माझ्या हातात झेंडा देताना पहिली गोष्ट शिकवली ती वाऱ्याची. वारा फिरला की कापड काठीला गुंडाळतं. आपण हलायचं नाही. शेजारच्यानं हळूच हात वर करून ते सोडवायचं. तासभर उभं राहिलं की मनगट भरून येतं. त्या तासात आपण शेजारच्याचा झेंडा सोडवतो, तो आपला सोडवतो, आणि दोघंही समोर बघत राहतो.

हेच आजोबा व्हिएतनामहून परत आले तेव्हा विमानतळावर त्यांना घ्यायला कुणी आलं नव्हतं. ते वर्दी बदलून, साध्या कपड्यांत घरी गेले. देशात त्या युद्धाविरुद्ध संताप होता आणि तो या पोरांच्या वाट्याला आला. व्हिएतनामचे जुने सैनिक आजही एकमेकांना भेटले की ‘वेलकम होम’ म्हणतात. सत्तरी ओलांडलेली माणसं एकमेकांचं घरी स्वागत करतात! युद्ध चूक होतं असं मलाही वाटतं. पण युद्ध ठरवणारे वेगळे आणि त्यात धाडले जाणारे वेगळे, हा भेद आपण मनाशी स्वच्छ ठेवला पाहिजे. रांगेत उभं राहताना मी कुठल्याच युद्धाच्या बाजूनं उभी नसते.

सेंट लुईसच्या दक्षिणेला मिसिसिपी नदीच्या काठी जेफरसन बॅरक्स ही राष्ट्रीय दफनभूमी आहे. पांढऱ्या संगमरवराचे एकसारखे दगड, ४२ इंच लांब, १३ इंच रुंद, ४ इंच जाड, त्यांतला काही भाग जमिनीत. सेनापती असो की साधा शिपाई, दगड तोच. वरच्या बाजूला ज्याच्या त्याच्या धर्माचं चिन्ह कोरता येतं, आणि सरकारनं मान्य केलेल्या चिन्हांच्या यादीत आपला ओमही आहे. खाली नाव, हुद्दा, युद्ध, तारखा.

इथं मी सगळ्यांत जास्त वेळा जाते ती बोलावणारं घरचं कुणीच नसलेल्यांच्या अंत्यविधीला. रस्त्यावर, वृद्धाश्रमात, भाड्याच्या खोलीत एकटे गेलेले माजी सैनिक. काहींची राख तर अंत्यविधीगृहांच्या फळ्यांवर वर्षानुवर्षं डब्यांत पडून असते. कुणी न्यायलाच आलेलं नसतं. २००७ पासून मिसिंग इन अमेरिका प्रोजेक्ट नावाची स्वयंसेवी संस्था असे डबे शोधते, त्यांवरची नावं लष्करी नोंदींशी ताडून बघते आणि सैनिक सापडला की त्याला सन्मानानं दफनभूमीत नेते. त्या डब्यांत पहिल्या महायुद्धातले सैनिकही निघाले आहेत. डबा मोटरसायकलींच्या ताफ्यातून जातो; चौकात पोलीस वाहतूक थांबवतात, पुढेमागे झेंडे लावलेल्या गाड्या.

२००० सालापासून अमेरिकेत कायदा आहे: पात्र असलेल्या प्रत्येक माजी सैनिकाला, मागणी केली तर, किमान दोन गणवेशधारी सैनिकांची मानवंदना मिळते, झेंड्याची घडी होते आणि ‘टॅप्स’ वाजतं. ती चोवीस सुरांची धून १८६२ मधली, अमेरिकन यादवी युद्धातली. वादक पुरत नाहीत, म्हणून पुष्कळदा बिगुलाच्या आत बसवलेलं लहानसं यंत्रच ती वाजवतं आणि सैनिक बिगुल ओठांना लावून उभा असतो. मला त्याचं काही वाटत नाही. ऐकायला कुणी उभं आहे का, हे मी बघते.

अशाच एका मंगळवारी सकाळी दोन तरुण सैनिकांनी झेंड्याच्या तेरा घड्या घातल्या. लाल-पांढरे पट्टे आत गेले आणि निळ्या कापडावरच्या ताऱ्यांचा घट्ट त्रिकोण उरला. तो घरच्यांपैकी कुणाच्या तरी पुढ्यात गुडघा टेकून द्यायचा असतो. इथं कुणीच नव्हतं. पहिल्या खुर्चीवर एक निवृत्त परिचारिका बसली होती, आमच्यासारखीच आलेली. सैनिकानं तिच्यापुढे गुडघा टेकला आणि राष्ट्राच्या कृतज्ञतेचे ठरलेले शब्द पूर्ण म्हटले, एकही न गाळता. तिनं झेंडा छातीशी धरला आणि शेजारच्याकडे दिला. तो हातोहात फिरत गेला. माझ्या शेजारच्या दाढीवाल्यानं आधी दातांनी ओढून हातमोजे काढले, तळवे विजारीला पुसले आणि मग घेतला. माझ्याकडे आला तेव्हा कापड जाड होतं, कडा लाकडासारख्या टणक, आणि अंगठ्याखाली ताऱ्याची शिलाई लागत होती. क्षणभर त्या माणसाची घरची मीच होते.

सैनिकांच्या स्मरणाचे दगड आपल्याकडेही आहेत. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणाचा दगड तिथं आहे. त्याहून कितीतरी जुने वीरगळ आपल्या गावोगावच्या देवळांपाशी पडलेले असतात. खालच्या चौकटीत लढणारा वीर, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, शिखरावर कलश. बहुतेकांवर नाव नाही. कितीकांवर आज धुणं वाळत घालतात. तो दगड कधीकाळी कुणीतरी पदरमोड करून घडवून घेतला होता.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांना माझं सांगणं एवढंच आहे की तुमच्या राज्यातही अशी रांग असते, आणि ती बहुतेक वेळा कामाच्या दिवशी सकाळी असल्यामुळे माणसं कमी पडतात. झेंडा ते देतील. तुम्ही पाण्याची बाटली घेऊन या. आणि गावाकडच्यांनो, शहीद जवान येतो तेव्हा तुमच्याकडे हजारो जमतात, घोषणा होतात, ते योग्यच आहे. पण पलटणीतून पेन्शनीवर येऊन तीस वर्षं शेती केलेला म्हातारा शिपाई एखाद्या दुपारी गुपचूप जातो, तेव्हाही जा. त्याच्या मुलाला त्याची पलटण कोणती होती ते विचारा, आणि चौथरा बांधणार असतील तर तिचं नाव त्यावर कोरून घ्यायला सांगा.