सागाच्या पाच फळ्या अन् चैनसॉची चौकट



तुरी निघाल्या, कापसाची शेवटची वेचणी तेवढी उरली. मधात चार दिवस मोकळे भेटले म्हणून अकरा-बारा वर्षांपासून अडलेलं एक काम काढलं.

आमच्या मुकुटबनच्या शेतात धुऱ्यावर सागाचं एक झाड होतं. घराच्या मोठ्या दारासाठी बाबांनी ते २०१३ मध्ये रीतसर परवानगी घेऊन तोडलं. साग आपल्या मालकीचा असला तरी १९६४ च्या झाडतोड कायद्यात येतो, त्यामुळे तोडीचा अन् वाहतुकीचा कागद लागतो. ते कागद अजून पेटीत आहेत. आरामशीनवर पाच फळ्या चिरून आणल्या. ७ फूट लांब, १० इंच रुंद, अडीच इंच जाड. मग त्या साली पैसा दुसरीकडे गेला, पुढच्या साली बाबा आजारी पडले. दाराच्या जागी पत्र्याचं दार लागलं, ते आजही आहे. बाबा गेले, फळ्या गोठ्याच्या माळ्यावर राहिल्या.

चूक आमचीच. फळ्यांच्या मधात दोन टोकांनाच काड्या ठेवल्या होत्या, मधला भाग उघडा. एका बाजूने पत्रा गळत होता. काढून पाहिल्या तर तीन बऱ्या, एकीला मधात बाक, अन् एकीला असा पीळ की जमिनीवर ठेवली तर डोलत होती. पीळ मोजायला सुताराने एक सोपी रीत दाखवली. दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांवर आडव्या ठेवायच्या अन् खाली वाकून एका डोळ्याने पाहायचं. दोन्ही पट्ट्यांच्या कडा एका रेषेत आल्या पाहिजेत. आमच्या सहा सूत हटल्या, म्हणजे पाऊण इंच.

सुतार म्हणाला, "रंध्याने हे होत नाही भाऊ, हात जाईन माहा." आरामशीनवाला म्हणाला, जुन्या लाकडात खिळा निघाला तं आमचं पातं जाते. त्याचंही खरं आहे.

म्हणून चैनसॉ. मशीन माझ्याजवळ होतीच, बाभळी छाटायला घेतलेली, २२ इंचाच्या बारची. तिच्या बारला बसणारी लोखंडी चौकट मागवली. चौकटीमुळे बार आडवा राहतो अन् ठरवलेल्या उंचीवरूनच कापतो. सुरू करण्याआधी कागद घेऊन वनखात्याच्या हापिसात विचारून आलो. तुम्हीही विचारा.

साधी चैन आडवं कापायला असते, तिच्या दातांचा कोन ३० अंशाचा. लांबीत चिरायला तो १० अंशांवर आणावा लागतो. गोल कानशीने एकेक दात घासला, एक सकाळ त्यातच गेली. पण त्याशिवाय सुकलेला साग चिरत नाही. सागात वाळूसारखा अंश असतो, धार लवकर मरते. दर कापानंतर मी कानस मारली. भुसा पिठासारखा बारीक पडू लागला की समजायचं धार गेली.

आता मुख्य गोष्ट. वाकड्या फळीवर चौकट ठेवून मशीन ढकलली तर कापही वाकडाच येतो. मी पहिल्या फळीला तेच केलं. बाक होता तसाच खाली उतरला, अन् दोन सूत लाकूड फुकट गेलं. मग दोन चौकोनी पाईप समांतर मांडले, पाणसळ लावली, अन् फळी त्यांच्या मधात थोडी खाली ठेवली. चौकट पाईपांवरून सरकते, फळीशी तिला घेणं नाही. फळी डोलते तिथे पाचरा ठोकल्या. पिळाची फळी असली तर पाचरांनी पीळ दोन्हीकडे अर्धा-अर्धा वाटून द्यायचा. वरून तीन सूत, खालून तीन सूत. एकाच बाजूने काढायला गेलं तर तिथेच सहा सूत जातात. एक तोंड सपाट झालं की फळी उलटवून तेच खाली ठेवायचं, मग दुसरं सोपं.

पिळाची फळी २० सुतांवरून १३ वर आली. तिला मधातून चिरली, दाराच्या दिल्यांसाठी. चैन जाड, एका कापात तीन सूत भुसा करते. उरल्या पाच-पाच सुतांच्या दोन. आरामशीनच्या पात्याने नुकसान यापेक्षा बरंच कमी झालं असतं, हे मान्य.

तिसऱ्या फळीच्या कडेला बोटभर काळा-निळा डाग होता. मला वाटलं गळक्या पत्र्याचं पाणी. मशीन तिथे पोचली अन् ठिणग्या उडाल्या. आठ-नऊ दात गेले. पोरगा चपलांवर शेजारी उभा होता. त्याला आधी घरी पाठवून बूट घालून यायला लावलं, मग छिन्नीने खोदलं. काटेरी तार ठोकायचा यू खिळा निघाला, गंजून अर्धा झालेला. तो बाबांनीच ठोकला असणार. "झाड उभं हाय तं खांब कायले गाडायचा?" असं म्हणत ते धुऱ्यावरच्या झाडांनाच तार ठोकत. सागात लोखंड असलं की भोवती लाकूड काळं पडते. डाग दिसला की आधी छिन्नी, मग मशीन.

नाकातोंडाला फडकं बांधा, सागाचा भुसा घसा धरतो. डोळ्याला चष्मा पाहिजेच. एक काप झाला की मशीन थंडी होऊ द्या, पूर्ण जोरावर चालून ती तापते.

आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, बल्लारपूरच्या डेपोतून २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेलं, वाजतगाजत. पोरगा म्हणाला, "आपलं दारच मुहूर्तापासून राह्यलं." मी काही बोललो नाही.

चिरलेल्या फळ्या आता माळ्यावर नाहीत, ओसरीत आहेत. दीड-दीड फुटावर काड्या, वर विटा. जाड फळी मधातून चिरली की आतलं लाकूड पहिल्यांदा हवेला येते अन् पुन्हा थोडं हलते. आठ दिवसांत एक फळी एक सूत हटली आहे. अजून तीन आठवडे थांबू, मग सुताराला बोलावू. खिळ्याचं भोक असलेली फळी बाहेरून लावायची की आतून, यावर घरात दोन मतं आहेत. माझं मत बाहेरून.

वणी-पांढरकवड्याकडे लांबीत चिरायची तयार चैन कुठे भेटत असेल तर सांगा. दाराची चौकट बाकी आहे.